गल्ल्याचा ड्रॉवर शॉर्ट (कमी) आला म्हणून पोरांचा पगार कापायचा हक्क मॅनेजरला नाही

‘फास्ट फूड मॅनेजरची नोकरी : कुणी न सांगितलेल्या 7 गोष्टी’ असा एक मेसेज सध्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, कुठल्या कायद्याचा आधार नाही, पण आवाज असा की वीस वर्षं दुकान चालवलंय. इतके दिवस मी दुर्लक्ष केलं. पण हुबळीतल्या एका दुकानाचा नुकताच मॅनेजर झालेला माझा मावसभाऊ त्यातलं वाचून कामाला लागला, काउंटरवरच्या एका मुलीच्या पगारातून ‘कॅश शॉर्ट’चे पैसे कापून मोकळा झाला, आणि मी विचारल्यावर तोच मेसेज मला पाठवून म्हणाला, “ताई, रूलच आहे हा.” म्हणून हे लिहिते आहे. मी बेळगावात अशाच एका दुकानाची जनरल मॅनेजर आहे, क्रू म्हणून, म्हणजे काउंटर-किचनची साधी कामगार म्हणून लागून वर आलेली.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, या नोकरीला फक्त इंग्लिश आणि पर्सनॅलिटी लागते. दोन, मॅनेजर केबिनमध्ये एसीत बसतो, बाकी सगळं सिस्टीम करते. तीन, गल्ल्यात पैसे कमी आले की क्रूच्या पगारातून कापायचे, तो मॅनेजरचा अधिकार आहे. चार, हॉटेल लाइनला कामगार कायदा लागत नाही. पाच, तेल रोज गाळलं की महिनाभर चालतं, आणि जुनं तेल विकून मॅनेजरला वरकमाई होते. सहा, काही झालंच तर कंपनी बघून घेते. सात, सीमाभागातल्या मराठी पोरांना कन्नड येत नसेल तर अर्जच करू नये.

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण त्याच्यामुळे लोकांच्या घरातले पैसे जातायत.

1936 च्या वेतन प्रदान कायद्यात पगारातून काय कापता येतं याची यादी होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ती आहे, कलम 18 मध्ये. त्यात पैशाच्या तुटीसाठी कपात आहे, हे खरं. मेसेजवाल्याने तेवढंच कुठेतरी ऐकलेलं दिसतंय. पुढचं वाक्य त्याने वाचलेलं नाही. ज्या पैशाचा हिशेब देणं त्या माणसाची जबाबदारी होती तेच पैसे, आणि तूट थेट त्याच्याच निष्काळजीपणामुळे किंवा चुकीमुळे झालेली असली पाहिजे. कलम 21 सांगतं की कपात नुकसानीपेक्षा जास्त नको, आणि त्या माणसाला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय एक रुपयाही कापता येत नाही. सगळ्या कपाती मिळून त्या पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. ‘आज 400 शॉर्ट आले, तिघे काउंटरवर होता, वाटून घ्या’ हा जो प्रकार दुकानादुकानांत चालतो तो यातल्या एकाही अटीत बसत नाही. तिघांत वाटलं म्हणजे चूक कोणाची ते मॅनेजरला माहीत नाही, हे त्याने स्वतःच कबूल केलं.

आता शॉर्ट येतो कसा ते बघा. संध्याकाळी सात ते नऊ, कॉलेज रोडची सगळी गर्दी आत. गिऱ्हाईक म्हणतं कॅश, मुलगी कॅशचं बटण दाबते, बिल निघतं. तेवढ्यात तो खिसा चाचपतो, सुटे नाहीत म्हणतो आणि फोन काढून क्यूआर स्कॅन करतो. मागे आठ जण उभे. बिल कॅशमध्ये राहिलं, पैसे बँकेत गेले. रात्री ड्रॉवर 340 ने कमी आणि त्या दिवसाचं यूपीआय बरोबर 340 ने जास्त. पैसा कुठेही गेलेला नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायला पाच मिनिटं लागतात, आणि ते बघायचं काम मॅनेजरचं आहे. दुसरं कारण व्हॉइडचं, म्हणजे निघालेलं बिल सिस्टीममधून रद्द करण्याचं. ऑर्डर रद्द झाली, पैसे परत दिले, पण व्हॉइड मॅनेजरच्या पासवर्डशिवाय पडत नाही आणि मॅनेजर त्या वेळी फ्रायरवर, म्हणजे तळायच्या मशीनवर. नंतर करू म्हणून राहून जातं. तिसरं आणि सगळ्यात नेहमीचं : एकीच्या लॉगिनवर तिघांचे हात. ती जेवायला जाते, बदलीला दुसरा उभा राहतो, ड्रॉवर न मोजता. मग रात्री तिचं नाव स्लिपवर येतं आणि कपात तिच्या नावाने.

तिन्ही ठिकाणी चूक दुकान चालवण्यातली आहे. माणूस बदलला की ड्रॉवर दोघांनी समोरासमोर मोजायचा, दोघांची सही घ्यायची, प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्यायचं. हे केलं तर शॉर्ट फारसे येतच नाहीत. आणि कोणी खरंच पैसे उचलले असतील तर कॅमेरा बघा, लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या, एचआरला कळवा. त्याला माझी ना नाही. चोरी करणाऱ्याला मी स्वतः घरी पाठवलंय. पण पुरावा नसताना कपात करणं म्हणजे गरिबाच्या पोरावर चोरीचा शिक्का मारणं, आणि त्यातली बरीचशी पोरं आसपासच्या खेड्यांतून बसचे पैसे काढून येतात.

उशिरा आलं की शंभर, टोपी विसरली की पन्नास, हेही मेसेजमध्ये ‘शिस्त’ म्हणून दिलंय. दंडालाही संहितेत कलम 19 आहे. कशाकशाला दंड लागतो ते आधी मंजूर करून, लिहून लावलेलं हवं. एका महिन्याचा दंड त्या महिन्याच्या पगाराच्या 3 टक्क्यांवर नको. आणि जमलेला दंड नोंदवहीत लिहून कामगारांच्याच भल्यासाठी वापरायचा असतो. शिफ्ट मॅनेजरच्या खिशात जाणाऱ्या पन्नासच्या नोटेला दंड म्हणत नाहीत.

ज्यांचे पैसे आधीच कापले गेलेत त्यांच्यासाठी : पगाराची स्लिप आणि कपातीचं कारण लेखी मागा. तक्रार 3 वर्षांच्या आत करता येते, कामगार खात्याचं ऑफिस बेळगावातच आहे. पगार पूर्ण दिला हे सिद्ध करायची जबाबदारी अशा तक्रारीत मालकावर असते, कामगारावर नाही.

चौथा मुद्दा. इथे मला अर्धं मान्य करावं लागतंय, आणि ते करताना बरं वाटत नाही. कर्नाटकाच्या 1961 च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्यात कलम 3 मध्ये व्यवस्थापनाच्या पदावरच्या माणसांना वगळलंय. म्हणजे दिवसाला 9 तास, आठवड्याला 48 तास, जादा कामाला दुप्पट पैसे, हे संरक्षण खऱ्याखुऱ्या मॅनेजरला त्या कायद्यातून मिळत नाही. गणपतीच्या विसर्जनाला मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते आणि आम्ही सकाळचे उघडलेले असतो, तेव्हा हे मला चांगलंच समजतं. पण यातून ‘दुकानालाच कायदा नाही’ असं कुठून काढलं? क्रूला तो पूर्ण लागू आहे, आठवड्याच्या सुट्टीसकट. शिवाय हुद्द्यावर मॅनेजर लिहिलं म्हणून माणूस व्यवस्थापनात जात नाही. दिवसभर फ्राइज तळणाऱ्या आणि रात्री लॉबी पुसणाऱ्याला ‘असिस्टंट मॅनेजर’चा बिल्ला दिला तरी न्यायालय तो काय काम करतो ते बघतं. आणि पगाराच्या बाबतीत तर वेतन संहितेच्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत मॅनेजरही आहे. नोकरी सोडली की दोन कामाच्या दिवसांत हिशेब मिळायचा हक्क त्यालाही आहे.

तेलाचं वाचून मात्र माझं डोकं फिरलं.

रोज गाळल्याने तेल जास्त टिकतं, हे बरोबर. खाली बसलेला चुरा जळत राहिला की तेल लवकर बिघडतं, म्हणून क्लोजिंगला, दुकान बंद करताना, गाळतात. पण गाळणीतून चुरा जातो, तापून तापून तेलात जे तयार झालं ते जात नाही. त्याला टोटल पोलर कंपाउंड म्हणतात, आम्ही टीपीसी म्हणतो. 1 जुलै 2018 पासून एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मर्यादा 25 टक्के आहे. त्यावर गेलं की ते तेल स्वयंपाकात वापरायचं नाही, संपलं. मोजायचा मीटर काठीसारखा असतो, गरम तेलात टोक बुडवलं की आकडा दाखवतो. त्याच्याशी वाद घालता येत नाही. एक महिना, पंधरा दिवस असा हिशेबच चुकीचा आहे. चिकन जास्त तळलं, कोटिंगचं पीठ जास्त पडलं, रिकामा फ्रायर तापत ठेवला, तर तेल काही दिवसांत जातं. ‘फेस आला तर अर्धं काढून नवीन ओता’ हा मेसेजमधला सल्ला तर नवं तेलही खराब करायचा आहे.

आणि वरकमाई. जुनं तेल डब्यात भरून गाड्यावाल्यांना विकायचं, असं चक्क लिहिलंय. ते तेल संध्याकाळी कोणाच्या भज्यात, कोणाच्या गोबी मंचुरीत जातं? शाळा सुटल्यावर गाड्यापुढे कोण उभं असतं? याच राज्यात मार्च 2024 मध्ये सरकारने गोबी मंचुरीत कृत्रिम रंग घालायला बंदी केली, जूनमध्ये कबाबला केली, कारण तपासणीत नमुने वाईट निघाले. रंगाची एवढी चर्चा झाली, तेलाची झाली नाही. 1 मार्च 2019 पासून दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनी किती घेतलं, किती टाकलं याची नोंद ठेवायची आणि टाकाऊ तेल अधिकृत गोळा करणाऱ्यांनाच द्यायचं असा नियम आहे. त्याचं बायोडिझेल होतं. जो मॅनेजर ते गाड्यावर पाठवतो तो दुसऱ्याच्या लेकरांच्या ताटात विष वाढतो, आणि याला ‘टिप’ म्हणून पसरवणाऱ्यांनी एकदा आपल्या पोराकडे बघावं.

सहावा मुद्दा याच्याच पोटातला. कंपनी बघून घेईल? अन्न सुरक्षा कायदा 2006 चं कलम 66 उघडून बघा. ज्या कंपनीच्या बऱ्याच शाखा आहेत तिथे त्या-त्या शाखेसाठी ज्या माणसाला अन्नसुरक्षेचा जबाबदार म्हणून नेमलंय, त्या शाखेतल्या उल्लंघनाला तो जबाबदार धरला जातो. ट्रेनिंगच्या गठ्ठ्यात तुम्ही ज्या कागदांवर न वाचता सह्या केल्या त्यात हा नेमणुकीचा कागद असू शकतो. असुरक्षित अन्नाने माणूस दगावला तर शिक्षा किमान सात वर्षं, जन्मठेपेपर्यंत. बचावही त्याच कायद्यात आहे, कलम 80 मध्ये : आपण योग्य ती सगळी काळजी घेतली होती हे दाखवायचं. ते दाखवायचं कशाने? तापमानाच्या वहीने. थंड माल 5 अंशांच्या खाली, गरम 60 च्या वर, फ्रोझन उणे 18, वेळच्या वेळी मोजून लिहिलेलं. दुपारी चारचा, सहाचा, आठचा आकडा रात्री अकराला एका बैठकीत भरलेला असला की अक्षरावरूनच कळतं. एकच पेन, एकच दाब, आणि दिवसभर फ्रिज एकदाही अर्ध्या अंशाने हललेला नाही. अशी वही कोणाला वाचवत नाही.

पहिला आणि दुसरा मुद्दा दोन ओळींत. इंग्लिश चालण्यापुरतं लागतं. त्यापेक्षा फूड कॉस्ट (मालाचा खर्च), इन्व्हेंटरी (साठ्याचा हिशेब), शिफ्ट लावणं आणि माणसं सांभाळणं लागतं, आणि दर 25 जणांमागे एक अन्नसुरक्षेचं फोस्टॅक प्रशिक्षण घेतलेला माणूस हवा. एसी गिऱ्हाइकांच्या बाजूला असतो. मागे फ्रायर असतात, आणि रविवारी दोन पोरं न सांगता गैरहजर राहिली की मॅनेजर त्यांच्यापुढे उभा असतो.

राहिला सातवा, आणि तो सगळ्यात जास्त फॉरवर्ड होतोय, कारण तो आपल्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. भाषेवरून अपमान झालेले लोक माझ्या घरात आहेत, मला कोणी ते शिकवू नये. पण दुकानाच्या आतलं सांगते. काउंटरवर शहापूर-वडगावची माणसं मराठी बोलतात, बैलहोंगल-गोकाककडची कन्नड, कॅम्पमधली हिंदी, आणि चोर्ला घाटाने आलेले गोवेकर कोंकणी. चारही भाषांत ऑर्डर घेणारी पोरं आमच्याकडे मराठी घरातलीच आहेत. मराठी माणूस मॅनेजर होत नाही हे साफ खोटं, मी समोर आहे. मात्र कन्नड वाचता येत नसेल तर अडतं, तेवढं त्या मेसेजचं खरं. महापालिकेची नोटीस कन्नडमध्ये येते, कामगार खात्याचा कागद कन्नडमध्ये येतो, पाटीवर 60 टक्के कन्नड हवं असा 2024 पासून कायदा आहे, आणि त्याबद्दल विचारायला कोणी आलं की उत्तर मॅनेजरनेच द्यायचं असतं. दुसऱ्याकडून वाचून घेऊन सही केली की आपण कशावर सही केली ते आपल्याला माहीत नसतं. बोलता येणारी बहुतेक पोरं थोड्या महिन्यांत वाचायलाही शिकतात. मी तशीच शिकले, आमच्या प्रेप टेबलावरच्या एका गोकाकच्या मुलीकडून. तेव्हा अर्ज करा, आणि मुलाखतीत कन्नड किती येतं ते खरं सांगा.