मृणालताई मंत्री नव्हत्या, गोरेगावही त्यांच्या नावाचं नाही

मुंबईच्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांना आदरांजली वाहणारा एक मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. हेतू चांगला आहे, पण त्यातल्या दोन गोष्टी चुकीच्या आहेत.

पहिली, ‘जनता सरकारातल्या केंद्रीय आरोग्यमंत्री’. नाही. १९७७ मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या. आरोग्यखातं त्यांना देऊ केलं गेलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही. नाकारलेलं पद त्यांच्या नावापुढे लावायचं म्हणजे त्यांचा नकारच पुसून टाकायचा! पाण्यासाठी हंडे घेतलेल्या बायकांना सोबत घेऊन महापालिकेवर धडकणारी ही बाई, म्हणून ‘पाणीवाली बाई’. पुढे महागाईविरोधात कम्युनिस्ट नेत्या अहिल्या रांगणेकरांबरोबर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरली. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा त्याच सत्याहत्तरची. दुसरी बाई म्हणजे रायबरेलीत हरलेल्या इंदिरा गांधी, हे नव्या पोरांना सांगावं लागतं.

दुसरी, ‘गोरेगाव हे नाव त्यांच्यावरूनच पडलं’. अहो, ताईंचा जन्म १९२८ चा, माहेरच्या त्या मोहिले. गोरे आडनाव बंडू गोरे यांच्याशी लग्न झाल्यावरचं. गाव त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. त्यांच्या नावाचा आहे तो उड्डाणपूल, एस. व्ही. रोडकडून हायवेला जाणारा.

१७ जुलै २०१२ ही निधनाची तारीख मेसेजमध्ये बरोबर आहे. तेवढी ठेवून बाकीचं दुरुस्त करा आणि मगच पुढे पाठवा.