मत्स्यालयाचे पैसे वसूल करण्याची रीत

कोल्हापुरात ‘पाण्याखालचा बोगदा’, म्हणजे मांडवातलं फिरतं मत्स्यालय, आला की पहिल्याच रविवारी संध्याकाळी सातला जा. उशिरा गेलात तर पाणी निवळलेलं असतं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. मांडव त्याच्या कितीतरी आधी उभा राहतो, त्यामुळे सुरुवातीला पाणी दुधाळ दिसतं. त्याला खोल समुद्राचं वातावरण समजा आणि पुढे सरका, मागची रांग ओरडतेय.

समुद्राचा विषय निघालाच आहे, तर मिठाचा हिशेब मात्र विचारू नका. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीला साडेतीनशे किलो, आणि पाणी बदलताना पुन्हा भर. मधे अख्खा सह्याद्री असताना एवढा उपद्व्याप कोण करतो? गोड्या पाण्यातले मासे सोडायचे, पाटी समुद्राची लावायची, झालं.

‘शार्क’ लिहिलंय ना, मग शार्कच. दोन्ही बाजूंना पाच-पाच कल्ल्यांच्या फटी आहेत का, हे मोजत बसू नका. एकच झाकण आणि तोंडाशी मिशा दिसतील. हा पंगस. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तोच. शेजारच्या ‘पिरान्हा’चे दातही तपासू नका. पिरान्हाचे दात त्रिकोणी आणि धारदार असतात, याचे चौकोनी, माणसासारखे. मासळीबाजारात याला रूपचंद म्हणतात आणि तिथे तो किलोवर मिळतो, तिकीट न काढता.

अरापाइमा, म्हणजे ॲमेझॉन नदीतला मासा, मात्र खरा असतो आणि मोठाही. तो दर दहा-वीस मिनिटांनी वर येऊन हवा गिळतो, कारण त्याचा श्वासच तसा आहे. गोल्डफिशची आख्खी टाकी तसंच तोंड वर काढून बसली असेल, तर मे महिन्याच्या तापल्या मांडवात पाण्यातला प्राणवायू घटलाय. तुम्ही दोन्हीकडे सारख्याच टाळ्या वाजवा. काच ठोकलीत तर आणखी हालचाल दिसेल.

तिकिटाची तुलना मिसळीच्या प्लेटशी करायचा मोह आवरा. तिथे निदान कट पुन्हा मागता येतो. बोगद्यात दुसरी फेरी मागितली की वेगळं तिकीट.

बाहेर पडताना काचेचा वाडगा आणि दोन गोल्डफिश घ्याच. एका माशाला चाळीसेक लिटर पाणी लागतं, हे विचारून सौदा मोडू नका. घरी गेल्यावर नळाचं पाणी थेट ओता. क्लोरीन उडायला चोवीस तास कोण थांबतंय? मासे उताणे पडले की पोरांना पंचगंगेच्या घाटावर न्या. सांडपाणी मिसळून प्राणवायू संपला की तिथेही मासे असेच वर येतात, आणि पार्किंगचे पैसेसुद्धा पडत नाहीत.