ॲटलस पतंगाला डब्यात कोंडू नका

पावसाळा लागला की नाशिककरांच्या मोबाइलवर तळहाताहून मोठ्या, तांबूस पंखांच्या कीटकाचे छायाचित्र फिरू लागते. सोबत मजकूर असतो : ‘हिमालयातील अतिदुर्मीळ, जगातील सर्वांत मोठे फुलपाखरू आपल्याकडे आले आहे. पंखांवर सापाचे तोंड असून ते विषारी आहे. दिसल्यास डब्यात ठेवा, साखरपाणी द्या.’ यातला शेवटचा सल्ला त्या जिवावरच बेतणारा असल्याने उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

प्रौढ ॲटलस पतंगाला खाण्यापिण्यायोग्य तोंडच नसते. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो आठवडाभर, फार तर दोन आठवडे जगतो आणि तेवढ्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो. मादी बहुधा आपल्या कोषाच्या आसपास बसून गंध सोडते, तर नर पिसांसारख्या मिशांनी तो गंध टिपत दुरून येतो. त्यामुळे डब्यात गेलेल्या दोन रात्रींत त्या मादीची अंडी फुकट जाऊ शकतात.

तो हिमालयातून आलेला नाही. सह्याद्री, दक्षिण भारत आणि श्रीलंका येथे आढळणारी ‘अटॅकस टॅप्रोबॅनिस’ ही जाती इथलीच असून इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा पावसाळी पट्टा सह्याद्रीचाच भाग आहे. ते फुलपाखरूही नव्हे. टसर रेशीम देणाऱ्या पतंगाच्या कुळातला हा पतंग आहे. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे 24 सेंटिमीटर भरतो, पण दक्षिण अमेरिकेतील ‘व्हाइट विच’ हा पतंग याहून रुंद असतो. विषाचे म्हणाल तर त्याला नांगी नाही आणि तो चावूही शकत नाही. पंखांच्या टोकावरील सर्पमुख पक्ष्यांना बिचकवण्यासाठी असावे, असे मानले जाते.

‘दुर्मीळ’ या शब्दाबद्दल मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. रात्री उडणारा आणि आठवडाभरच जगणारा जीव क्वचित दिसतो, यावरून त्याची संख्या ठरत नाही. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग अळी आणि कोष या अवस्थांत, दालचिनी, पेरू, लिंबू, महारुख अशा झाडांवर जातो. पानात गुंडाळलेला कोष कोरड्या दिवसांत वाळक्या पानासारखाच फांदीला लोंबतो, आणि उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला की फांदीबरोबर तोही जळतो. मला काळजी वाटते ती याची.

पतंग भिंतीवर दिसला तर जवळचा दिवा मालवा आणि त्याला तिथेच राहू द्या. परसातल्या पेरूवर असा कोष आढळला, तर पाऊस पडून पतंग बाहेर येईपर्यंत ती फांदी छाटू नका.