लाल रेघा आणि अप्पा

“भाऊ, तुले मराठी येत नही का?” हा प्रश्न डीटीपीच्या दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना विचारायचा नसतो. अप्पांनी विचारला, तोही खणखणीत.

अप्पा झेरॉक्सला आले होते. स्क्रीनवर धुळ्यातल्या एका मंडळाची स्मरणिका उघडी होती: झीलाटेक या पानं जुळवायच्या प्रणालीत केलेली, अर्धी मराठी आणि अर्धी अहिराणी. त्याच दिवशी शब्दतपासणी चालू केली होती आणि अहिराणीचं पानच्या पान लाल झालं होतं.

“हाई लाल लाल काय शे?”

“चुकीचे वाटतात ते शब्द दाखवतं, अप्पा.”

“इतल्या चुका?” अप्पा निवृत्त मास्तर. खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला. “मना लाल पेन बी इतला चालना नही कधी.”

“चुका नाहीत त्या. त्याला अहिराणी येत नाही.”

“मंग तपासाले कसाले बसाडं त्याले?”

याला उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते तांत्रिक आहे आणि रांगेतल्या गिऱ्हाइकांना त्यात रस नव्हता. त्यांना अप्पांत रस होता. अप्पांनी एक ओवी बोट ठेवून वाचली. सातापैकी पाच शब्दांखाली रेघ. “हाई तं मनी माय जातावर म्हने. मंग मनी माय काय जनमभर चुकीचंच बोले का?” मग जरा वाकून, संशयाने: “हाई मशीन पुण्याचं शे का?”

ते उत्तर आता इथे देतो, कारण ते जमवताना डोकं पिकलं आहे.

टेकस्टुडिओ (झीलाटेकच्या फाईल लिहायचा प्रोग्राम) असो की टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी), मराठी तपासायला मुख्यतः हनस्पेल हा शब्दतपासनीसच लागतो. त्याच्या कोशाच्या दोन फायली असतात: डीआयसीमध्ये शब्द, एएफएफमध्ये प्रत्ययांचे नियम. दोघींचं नाव हुबेहूब एक हवं आणि फोल्डरही एकच. एखादी फाईल दोनदा उतरवली की संगणक नावापुढे कंसात १ चिकटवतो, आणि तेवढ्यावरून कोश सापडत नाही. विंडोजवर नोटपॅडने शेपटीला टीएक्सटी जोडलेलं असतं आणि ते दिसतही नाही. आधी एक्स्टेन्शन दाखवायला लावा. मग टेकस्टुडिओच्या सेटिंगमध्ये भाषा तपासणीच्या पानावर त्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. फाईलच्या डोक्यावर टक्क्याच्या खुणेनंतर स्पेलचेकची ओळ लिहिली (रोमन लिपीत, अर्थातच) की दर वेळी भाषा निवडावी लागत नाही. टर्मिनलमध्ये हनस्पेलच्या आज्ञेला उणे-टी (उणे चिन्ह आणि रोमन टी) जोडायचं, नाहीतर ते टेकच्या आज्ञाही शब्द समजून अडत बसतं.

इतकं करूनही सगळं लाल असेल, तर मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे. दिसायला देवनागरी, आत रोमन अक्षरांचा काला. आधी युनिकोडमध्ये बदला. नुसता फॉन्ट बदलून काही होत नाही, हे गिऱ्हाइकाला समजावणं मी सोडून दिलंय.

सगळ्यात छळवादी म्हणजे “दुसऱ्या”तला तो अर्धा र. तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो: नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ आणि हलन्त (पाय मोडायची खूण), किंवा साधा र, हलन्त आणि मागे २००डी क्रमांकाचं एक न दिसणारं चिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच. कोशात एक रूप, फाईलमध्ये दुसरं, की बरोबर शब्दाखाली रेघ. तपासणीआधी सगळ्या फाईलभर एकच रूप करून घ्या, निम्मी कटकट जाते.

उरली अहिराणी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण वांग्याबद्दल ज्या बोलीत बोलतात तिचा तयार कोश मला कुठे मिळाला नाही. वांग्याचं काही म्हणणं नाही, वांगं चांगलंच आहे. आणि मराठीचे कोश करणारे बरेचसे फुकट राबतात, त्यांना नावं ठेवणं शोभत नाही. तरी राग येतोच. आंतरराष्ट्रीय यादीत अहिराणीला एएचआर हा संकेत आहे, म्हणजे फाईलला नाव तयार आहे. आत शब्द आपणच भरायचे.

डीआयसीच्या पहिल्या ओळीत शब्दांची संख्या (अंदाजे चालते), खाली ओळीला एक शब्द. एएफएफमध्ये आधी यूटीएफ-८ ची घोषणा, मग “ले” जोडणारा एक नियम. शब्दापुढे तिरकी रेघ आणि नियमाचं अक्षर लिहिलं की “गाव”वरून “गावले” आपोआप चालतं. ना-नी-नं यांचेही तसेच नियम. ऱ्हस्व-दीर्घाच्या अदलाबदलीच्या चार आरईपी ओळी घातल्या की सूचनांत तीच दुरुस्ती वर येते.

दोन्ही कोश स्वल्पविरामाने एकत्र जोडायचा मोह आवरा. त्यापेक्षा आधी मराठीने गाळा, उणे-एल देऊन न ओळखलेल्या शब्दांची यादी काढा आणि ती यादी अहिराणीच्या कोशातून गाळा. उरेल ते डोळ्यांनी बघा. त्यात माणसांची नावं असतात, गावांची असतात, आणि मधूनच एखादी खरी चूक.

अप्पांना यातलं काही सांगितलं नाही. पीडीएफ काढून दाखवली. पीडीएफमध्ये रेघा नसतात.

“आते बरोबर शे,” अप्पा म्हणाले. तोवर एक अक्षरही बदललं नव्हतं.

अप्पा त्या मंडळाचे सल्लागार निघाले. कोश भरून, यादी गाळून, खऱ्या चुका काढून बिल पाठवलं, तेव्हा शुद्धलेखनाची रक्कम त्यांनी कापली. पीडीएफ त्यांनी स्वतः पाहिली होती. तिच्यात चूक नव्हतीच, मग काढली कोणती?