"बारक्या माशाला लायसन लागत नाही" म्हणे!

शनिवारी सकाळी साडेसहाला बाबा तयार होऊन सोफ्यावर बसलेले. मफलर गुंडाळलेला, पिशवीत गळ, श्रीखंडाच्या डब्यात गांडुळं (बायकोच्या कुंड्या उकरून काढलेली, तिला अजून माहीत नाही). मी म्हटलं बाबा लायसन काढायचंय अजून, तर मोबाईल पुढे केला. "काही लागत नाही. हे वाच."

वाचलं. "अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आईबाबांसाठी फिशिंगच्या ७ खास टिप्स", खाली "एक अनुभवी मत्स्यप्रेमी". इथल्या आपल्या दोनतीन ग्रुपवर हेच फिरतंय आणि बाबांनी ते आणखी चौघांना ढकललंय, त्यातले दोघं सध्या इथंच डॅलसला मुलांकडे आहेत. म्हणून लिहितोय, नाहीतर मला शनिवारी दुसरी कामं आहेत.

टिप नंबर एक, शब्दशः: "क्रॅपी, ब्लूगिल असे तव्यात मावणारे छोटे मासे म्हणजे पॅनफिश. त्यांना लायसन्स लागत नाही, आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींना तर कुठल्याच माशाला लागत नाही."

अहो अनुभवी साहेब. लायसन माशाला नसतं, माणसाला असतं! मासा तीन इंचाचा असो नाहीतर तीन फुटाचा, टेक्ससच्या सार्वजनिक पाण्यात गळ टाकला आणि वय १७ किंवा जास्त असलं की लायसन लागतं. हे मी मनाचं सांगत नाहीये, टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ हे राज्याचं खातं दरवर्षी 'आउटडोअर अॅन्युअल' नावाचं नियमांचं पुस्तक काढतं, फुकट आहे, अॅप पण आहे, त्यात पहिल्याच भागात दिलंय. खाली जे जे नियम सांगतोय ते सगळे त्यातलेच आहेत, दुसरीकडं कुठं शोधत बसू नका.

आता ६५ चं काय. ६५ नंतर सिनियरचं लायसन स्वस्तात मिळतं, माफ होत नाही, आणि तेही टेक्ससच्या रहिवाशांना. रहिवासी म्हणजे सलग सहा महिन्यांहून जास्त इथं राहिलेला. आपले आईबाबा येतात तेच मुळी सहा महिन्यांसाठी, त्यामुळे ते रहिवासी होईपर्यंत परतीच्या विमानात असतात. त्यांना नॉन-रेसिडेंटचं घ्यायचं. एका दिवसाचं १६ डॉलरला मिळतं, मोबाईलवर पाच मिनिटांत निघतं. वयामुळे पूर्ण सूट कुणाला, तर १ जानेवारी १९३१ च्या आधी जन्मलेल्या टेक्ससच्या रहिवाशांना. बाबांचा जन्म ५३ चा. शेजारच्या ओक्लाहोमाच्या ६५ वरच्या लोकांना इथं सूट आहे हे खरं, बहुतेक तिथूनच कुणीतरी अर्धवट उचललंय. पण बाबा इंदापूरचे आहेत, ओक्लाहोमाचे नाहीत.

हे एवढं ताणतोय कारण गेम वॉर्डन (शिकार-मासेमारीचे नियम तपासणारा अधिकारी) खरंच येतो. मागच्या मार्चमध्ये डॅलसजवळच्या लॅव्हन तळ्याला आला होता, अगदी शांतपणे, "हौ यू डुइंग" वगैरे, आणि आमच्या शेजारच्या दोघांची बादली उपडी करून एकेक मासा पट्टीवर ठेवला. पट्टीवर कसा ठेवायचा तेही बघून ठेवा, तोंड मिटलेलं आणि शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत एकत्र दाबून, मग टोकापर्यंत मोजायचं. त्यांचे तीन मासे पावणेदहाच्या आसपास भरले. क्रॅपीला १० इंच लागतात. दंड २५ ते ५०० डॉलर होऊ शकतो. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या सत्तरीच्या माणसाला कोर्टाची तारीख लिहिलेला कागद हातात घ्यायला लावणाऱ्या टिपा तुम्ही हात जोडलेल्या इमोजीसकट पाठवताय.

खरं तेवढं सांगतो, नाहीतर कुणीतरी कॉमेंटमध्ये सांगेलच. टेक्ससच्या स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरनं किंवा धक्क्यावरनं गळ टाकला तर लायसन लागत नाही, रे रॉबर्ट्सला किंवा सीडर हिलला जा, पार्कच्या एन्ट्रीचे पैसे भरा आणि बसा दिवसभर. आणि जूनच्या पहिल्या शनिवारी फ्री फिशिंग डे असतो, तेव्हा कुठंच लागत नाही. बास, एवढंच.

दोन नंबर: "पॅनफिशला मर्यादा नाही, हवे तेवढे न्या." ब्लूगिलचं बरोबर आहे, त्याला ना इंचाची अट ना संख्येची. क्रॅपी मात्र १० इंच आणि माणशी दिवसाला २५, काळा-पांढरा दोन्ही मिळून. (पाठीवरचे पुढचे काटे मोजा, सहापर्यंत असले तर पांढरा, सात-आठ असले तर काळा. रंगावर जाऊ नका, विणीच्या दिवसांत पांढऱ्याचा नरही काळवंडतो.) आणि गंमत अशी की लेक फोर्कला १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर नियम बरोब्बर उलटा आहे, तिथं लहान क्रॅपी सुद्धा परत सोडायचा नाही, पहिले २५ ठेवायचेच. कारण थंडीत तो खूप खोल असतो, वर ओढला की पोटातला हवेचा फुगा फुगतो आणि सोडलेला मासा नंतर मरतो. तेव्हा टिप तीन, "लहान मासा सोडून द्या, पुण्य लागेल", ही पण सरसकट चालत नाही.

टिप चार वाचून मी चहा सांडला. "भारतातून फेकजाळे आणल्यास अर्ध्या तासात बादली भरते." भरेल ना. क्रॅपी इथं 'गेम फिश'च्या यादीत आहे, म्हणजे तो फक्त गळानंच धरायचा. फेकजाळं चालतं ते गेम नसलेल्या माशांना, तेही व्यास १४ फुटांच्या आत. आणि शहरातली ती छोटी कम्युनिटी तळी, जिथं आपली मंडळी संध्याकाळी फिरायला जातात, तिथं जाळं काढूच नका, फक्त गळ आणि माणशी दोनच. उजनीच्या पाण्यात चिलापी धरायची सवय असलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, बाबा अजून तोंड वाकडं करतायत.

पाच: "पौर्णिमेला भरती असते तेव्हा जा." धरणाच्या पाण्यात भरती! लॅव्हन, लुईसव्हिल, रे रॉबर्ट्स, सगळी धरणं बांधून झालेली तळी आहेत, समुद्र चारशे किलोमीटरहून लांब. पुढे जाऊ.

सहा: "गळ तळाला टेकवा, चावला की जोरात झटका द्या." हे कॅटफिशचं शास्त्र आहे. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला असतात, तो खालून वर बघून खातो, म्हणून गळ त्याच्या जरा वर लटकता पाहिजे, खाली गेला की त्याला दिसतच नाही. त्यात बाबांची गांडुळं ब्लूगिलला मस्त चालतात पण क्रॅपीला जिवंत मिनो (आमिषाचे बारके मासे) किंवा बारकी जिग (वजन लावलेलं खोटं आमिष) लागते, दोरा चार-सहा पौंड पेलणारा. आणि झटका तर अजिबात नाही. त्याच्या ओठाची कातडी उजेडात धरली तर पलीकडचं दिसेल इतकी पातळ, इथली माणसं त्याला पेपरमाउथ, म्हणजे कागदी तोंडाचा, म्हणतात ते उगीच नाही. बाबांनी लॅव्हनला पहिलाच चांगला बाराएक इंची मासा असा झटका देऊन घालवला, हातात आला फक्त गळ आणि त्याला चिकटलेला ओठाचा पापुद्रा. दहा मिनिटं कुणाशी बोलले नाहीत. नुसतं मनगट उचलायचं आणि दोरा सैल न सोडता ओढत राहायचं, जवळ आला की खालनं हातजाळी घालायची.

आणि कुठं? नुसत्या मोकळ्या काठावर बसून काही होत नाही. पुलाचे खांब, बुडालेली झाडं, धक्क्याच्या सावल्या. पार्क्सवाल्यांनी कितीतरी तळ्यांत मुद्दाम झाडोरा बुडवून ठेवलाय आणि त्याचे जीपीएस आकडे वेबसाईटवर टाकलेत, एवढं ताट वाढून ठेवलंय. मार्च-एप्रिलला पाणी ६० ते ६५ फॅरनहाइटला आलं की क्रॅपी अंडी घालायला काठाला येतो, तेव्हा बोटीशिवाय पण मिळतो. ब्लूगिल त्याच्या नंतर, मे पासून, उथळात ताटलीएवढे खड्डे शेजारी शेजारी दिसले की समजायचं.

त्या सहा नंबरच्याच टिपेत जाता जाता एक ओळ घुसवलीय, "तळ्याचे पाणी साचलेले, वाहत्या नदीचा मासा शुद्ध." डॅलसमधून वाहणाऱ्या ट्रिनिटी नदीतले मासे पीसीबी आणि डायॉक्सिन या विषारी रसायनांमुळे खाऊ नका असा राज्याच्या आरोग्य खात्याचा इशारा आहे. ही ओळ तरी कृपा करून पुढे पाठवू नका.

सात नंबर तळण्याचा आहे. खवले काढा, दोन्ही अंगांना तिरक्या चिरा द्या, मीठ हळद लसूण तिखट लावून अर्धा तास ठेवा, तांदळाच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळा म्हणजे ब्लूगिलचे बारके काटे पण लागत नाहीत. यात काही चूक नाही. मी थोडा रवा पण घालतो.