दोन सीटची हौस, पाच सीटचा संसार

इंग्लंडात राहून उघड्या टपाची गाडी पाळणं म्हणजे चेरापुंजीत पापडांचं वाळवण घालणं, असं माझ्या बायकोचं मत आहे. ते ती पाहुण्यांना चहाच्या आधीच सांगते.

मला हे मान्य नाही. खोड या देशाची आहे, मी फक्त इथं येऊन राहिलो. आम्ही रेडिंगला असतो. इथून फार लांब नाही ते ॲबिंग्डन, जिथे 1980 पर्यंत एमजीच्या टपउघड्या गाड्या बनायच्या. जी माणसं दूध आणायला निघताना आधी आभाळाकडे बघतात, त्यांनीच बिनटपाच्या गाड्या काढल्या आणि वर जगाला विकल्या. तो कारखाना बंद पडला, तर 1989 मध्ये जपानच्या माझदाने त्याच वळणाची एमएक्स-5 काढली. 2016 मध्ये तिने दहा लाखांचा टप्पा गाठला. एवढी माणसं एकदम वेडी कशी असतील, असं मी बायकोला आकड्यांनिशी विचारलं. ती म्हणाली, "त्यातल्या कितींच्या घरी पोर आणि सासू-सासरे आहेत, तेवढं बघून सांग."

तर आमच्याकडे दोन गाड्या. एक लाल, दोन सीटची, 1999 सालची. तिला घरात लाली म्हणतात. दुसरी राखाडी, पाच सीटची, मागे सहाशे लिटरची डिकी असलेली स्टेशन वॅगन. तिला वॅगन म्हणतात. शेजारचे गोरे आजोबा रोज लालीभोवती एक चक्कर मारून "लव्हली" म्हणतात. त्यासाठी त्यांना वॅगनला वळसा घालून जावं लागतं, पण वॅगनकडे त्यांनी आजवर ढुंकून पाहिलेलं नाही.

आणि घर चालतं ते वॅगनवर. हीथ्रोवरून आई-बाबांना आणायचं तर चार बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो, शिवाय आईच्या हातात "काही जड नाही रे" असं म्हणत आणलेली पाचवी पिशवी. मोडकं कपाट कौन्सिलच्या कचरा केंद्रावर न्यायचं आणि येताना दुसरं, सुटं, स्वतः जोडायचं कपाट आणायचं. मागच्या सीटखाली हात घातला तर चिवड्यातले डाळे, पेन्सिलचं टोपण, एक पायमोजा आणि बेदाणा निघतो. बेदाणा की आणखी काही, हे मी तपासत बसत नाही.

लालीची डिकी वॅगनच्या पाचव्या हिश्शाची, आणि त्यातही बॅटरी बसलेली. दहा किलोचं बासमतीचं पोतं मावतं, पण मग कांदे मांडीवर. सीट इतक्या खाली की बसताना गुडघे आधी जातात आणि आपण मागून पोचतो. बाबा एकदा हौसेने बसले, कौतुक केलं, आणि उतरायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "मी इथंच बरा आहे." त्यांना मी एका बाजूने आणि गोऱ्या आजोबांनी दुसऱ्या बाजूने उपसून काढलं.

टप उघडायचा म्हणजे नुसतं बटण दाबायचं असं लोकांना वाटतं. बटणवाल्या वेगळ्या, त्या श्रीमंतांच्या. आमच्याकडे आधी मागच्या प्लास्टिकच्या काचेची चेन उघडायची, ती काच अलगद आडवी झोपवायची, मग पुढच्या दोन कड्या सोडायच्या आणि अख्खा टप हाताने मागे ढकलायचा. थंडी असेल तर प्लास्टिक कडक होतं आणि दुमडलं की तडकतं, म्हणून ऊन हवं. ऊन आलं की मी हे सगळं करतो, टोपी घालतो, सनस्क्रीन लावतो, गाडीत बसतो. तोवर ऊन गेलेलं असतं.

त्यात आमच्या रस्त्यावरचं सायकमोर. टपावरचं पाणी सीटच्या मागच्या दोन कोपऱ्यांतल्या भोकांतून खाली जावं, अशी सोय असते. ऑक्टोबरात त्या झाडाचा पाला भोकांत जाऊन बसतो, आणि पाणी जायचं तिथे न जाता आत गालिचावर येतं. यावरचा रामबाण उपाय मला एका जुन्या जाणत्या गाडीवाल्याने सांगितला: पडद्याची स्प्रिंग. आपल्याकडे खिडकीच्या अर्ध्या पडद्याला असते, तीच. भोकात घालायची, गोल फिरवायची, चिखल भळ्ळकन खाली येतो. तेव्हापासून आमच्या न्हाणीघराच्या खिडकीला पडदा नाही.

पेट्रोल भरून कुठे जावं म्हटलं तर लंडन वर्ज्य. ऑगस्ट 2023 पासून सगळ्या लंडनभर धुराचा कर लागू आहे. लालीच्या वयाच्या पेट्रोल गाडीला दिवसाला साडेबारा पौंड. म्हणजे वेंबलीच्या ईलिंग रोडवर कोथिंबीर आणायला लालीने गेलं की ती जुडी साडेबारा पौंडांनी महाग. गाडीला चाळीस वर्षं उलटून ती ऐतिहासिक म्हणून नोंदली गेली की हा कर माफ होतो. त्याला 2040 उजाडेल, तेव्हा मला त्या सीटमधून कोण उपसणार हा प्रश्न आहे. वर्षात फक्त नाताळच्या दिवशी कर नसतो. म्हणून मागे एकदा नाताळात टप उघडा टाकून, कानटोपी घालून, पायाशी हीटर लावून गेलो होतो. गुडघ्याखाली मे महिना आणि वर लडाख.

पण लालीचा खरा पराक्रम मागच्या गणपतीतला.

आमची मूर्ती स्लाउच्या एक काकू करतात. अस्सल शाडूची, अकरा इंची. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आणायची आणि नेमकी त्याच आठवड्यात वॅगन एमओटीत, म्हणजे गाड्यांच्या वार्षिक तपासणीत, नापास झाली. खड्ड्यांनी पुढची स्प्रिंग तोडली होती. (ही पडद्याची नव्हे.) लेकीला शेजाऱ्यांकडे ठेवून आम्ही दोघं लालीने निघालो. जाताना लख्ख ऊन. काकूंनी मूर्ती पाटावर ठेवून, रेशमी रुमालाने तोंड झाकून बायकोच्या हातात दिली, आणि तेव्हा लक्षात आलं की दोन्ही हातांत बाप्पा घेऊन या गाडीत बसता येत नाही. मग टप उघडला, बायको आधी बसली आणि मी वरून, दाराच्या कडेला पोट टेकून, बाप्पांना तिच्या मांडीवर उतरवलं. काकू गेटमधून "मोरया" म्हणाल्या. पलीकडच्या घरातून कोणीतरी मोबाइलवर टिपलं.

मेडनहेडला पहिला थेंब पडला.

"टप लाव," बायको म्हणाली. मी हात मागे नेला, तशी ओरडली, "थांब! टपाची ती लोखंडी काठी बाप्पांच्या मुकुटावरून फिरवायची नाही." काठी मुकुटाच्या वरून चांगली वीतभर उंच जाते, हे मला ठाऊक होतं. पण मांडीवर गणपती असलेल्या बाईशी वाद घालण्याची माझी छाती नाही.

आता उघड्या गाडीचं एक शास्त्र आहे. ताशी चाळीस मैलांच्या वर गेलं की समोरच्या काचेवरून येणारा वारा पाऊस डोक्यावरून उडवून लावतो. आत थेंब येत नाही. गाडी थांबली की सगळा हिशेब एकदम अंगावर. मोकळ्या रस्त्यावर आम्ही कोरडे ठणठणीत, आणि वाटेत गाठ पडला तो प्रत्येक सिग्नल लाल. शाडूची मूर्ती, म्हणजे विसर्जन दहा दिवस आधीच, तेही ए-4 रस्त्यावर. मग बायकोने पायाशी पडलेली छत्री काढली. सिग्नलला गाडी थांबली की छत्री उघडायची, हिरवा झाला की मिटायची. पुढे तिला मिटायचा कंटाळा आला आणि मला छत्री उलटू नये म्हणून वीस मैलांवर गाडी हाकावी लागली. छत्री पूर्ण बाप्पांवर. माझ्यावर तिची फक्त पन्हळ.

मागे रांग लागली. इंग्रज माणूस हॉर्न वाजवत नाही, तो मनातल्या मनात पत्राचा मसुदा करतो. आरशात पाहिलं तर वळणापर्यंत नुसते दिवे. एका चौकात शेजारी व्हॅन येऊन थांबली, ड्रायव्हरने काच खाली केली, छत्रीखाली डोकावला आणि अदबीने विचारलं, "इज ही ऑल राइट?" "ही इज फाइन, थँक यू," बायको म्हणाली. मी कसा आहे हे कोणीच विचारलं नाही.

घरी पोचलो तेव्हा बाप्पा कोरडे, रुमाल कोरडा, पाट कोरडा. आईने व्हिडिओ कॉलवर आधी बाप्पांना नीट न्याहाळलं, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काय रे, आंघोळ करून आलास का?"

तेव्हापासून लेकीचा हुकूम आहे की बाप्पा लालीतूनच येणार. यंदा वॅगन धडधाकट आहे, तरी दोन्ही गाड्या जायच्या ठरल्या आहेत. लालीत बायको स्टीअरिंगवर आणि शेजारी बाप्पांना घेऊन आमची मावशी. मागून वॅगनमध्ये मी, लेक, झांजा आणि छत्र्या.

गेल्या रविवारी एक तरुण दारात आला. लाली विकायची आहे का म्हणाला, आणि आकडा बरा सांगत होता. मी आतून ऐकत होतो, कारण त्याला बायको सामोरी गेली होती, आणि ही गाडी काढून टाक म्हणून तिनेच माझ्यामागे धोशा लावलेला.

"विकायचीच आहे," ती म्हणाली. "पण गणपती होऊ देत, मग बघू."

तो बिचारा डायरीत तारीख लिहून गेला. आमच्याकडे गणपतीनंतर नवरात्र असतं आणि त्यानंतर दिवाळी, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. आणि दिवाळीनंतर या देशात उघड्या टपाची गाडी कोण विकत घेतो?