निडल आवळून ॲव्हरेज वाढत नाही, पिस्टन चिकटतो

‘जुनी आउटबोर्ड मोटर दहा मिनिटांत घरीच सुरू करा’ असा एक मेसेज महिनाभर फिरतोय. आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला बाहेरून अडकवायची मोटर. मी तो दोनदा न वाचता पुसला होता. पण तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला, आणि भाचा गोदाकाठच्या पोहणाऱ्या पोरांच्या गटात बोट सांभाळतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं हे बघायला अर्धं नाशिक काठावर जमतं, तेव्हा ही पोरं पाण्यात असतात. त्यांची मोटर साठच्या दशकातली १८ एचपी जॉन्सन आहे, मुंबईहून जुनी घेतलेली. त्या मोटरीचं या मेसेजने काय केलं ते मी स्वतःच्या हाताने उघडून पाहिलंय, म्हणून लिहितोय.

मेसेज सुरू होतो बल्बपासून, म्हणजे टाकीतून मोटरीकडे जाणाऱ्या नळीवरच्या, दाबून पेट्रोल पुढे ढकलायच्या रबरी फुग्यापासून. ‘बल्ब कडक होत नसेल तर मोटर चालू असतानाही दाबत राहा.’ अरे, बल्ब कडक होत नाही हीच तर तक्रार आहे, ती शोधायची की झाकायची? आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. तो बंद असेल तर मोटर थोडी चालून मरते आणि बल्ब चपटा होतो. मग बल्बवरचा बाण मोटरीकडे आहे ना ते बघा, आणि दाबताना बाणाची बाजू वर धरा, म्हणजे आतले व्हॉल्व्ह नीट बसतात. तरीही कडक होत नसेल तर पेट्रोलची लाइन कुठेतरी हवा ओढतेय, नाहीतर बल्बचा व्हॉल्व्ह गेलाय, नाहीतर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय. आमच्याकडे बल्ब दाबला की लाइनच्या कनेक्टरपाशी पेट्रोलचा ओलावा दिसत होता. आतली रबरी रिंग तडकलेली. एवढाच मूळ बिघाड! बल्ब दाबत राहिल्याने मोटर तग धरते हे खरं आहे, पण त्यातून एवढंच कळतं की इंधन कमी पोचतंय, म्हणजे लाइन आणि फ्युएल पंपाचा पडदा तपासा. पुरात एक हात बल्बवर ठेवून सुकाणू कोण धरणार?

पुढे म्हणे, ‘वरचं कव्हर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात झाकणभर पेट्रोल ओता आणि दोरी ओढा.’ नुसतं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, आणि उलटा भडका उडाला तर समोर तुमचं तोंड असतं. यात अर्धं खरं आहे ते नाइलाजाने मान्य करतो: स्पार्क प्लगच्या भोकातून ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचे चार थेंब टाकून, प्लग परत घट्ट बसवून दोरी ओढली आणि मोटर दोन-तीन ठोके देऊन थांबली, तर ठिणगी ठीक आहे, दोष इंधनाकडे आहे. ही तपासणी झाली, इलाज नव्हे.

आता खरा घात, निडलचा. निडल म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल किती जाईल ते ठरवणारा सुईसारखा स्क्रू; एक स्लोची, एक फुल रेसची. ‘नाशिक उंचावर आहे, इथे मिश्रण जाड होतं. दोन्ही निडल कचकचून आवळा, मग फक्त पाव फेरा सोडा. धूर जातो, ॲव्हरेज वाढतं.’ यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे, इथली हवा पाच-सहा टक्के विरळ, म्हणून तिच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं, म्हणजेच मिश्रण जाड. त्यासाठी निडल अष्टमांश फेरा इकडे-तिकडे करावी लागली तर लागेल. पण टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल तोडलंत की ऑइलही तोडलंत. मिश्रण पातळ झालं की पिस्टन तापतो, फुगतो, सिलिंडरला चिकटतो. आणि हे फुल रेसवर होतं, म्हणजे प्रवाहाच्या मधोमध.

वर ‘कचकचून’! निडलचं टोक पितळेचं, निमुळतं. भाच्याने मेसेज वाचून पेचकसाने ताकद लावली. मी ती खिडकीपाशी उजेडात धरली तर टोकाभोवती गोल खाच पडलेली, नख फिरवलं की अडकत होतं. अशी निडल नंतर कितीही फिरवा, सेटिंग धरत नाही. “मामा, त्यात तसंच लिहिलं होतं,” म्हणाला. जॉन्सनची जुळी एव्हिनरूड, दोन्हींचा एकच मालक, आणि त्याने २०२० मध्ये आउटबोर्ड बनवणं बंद केलं. सुटे भाग शोधत फिरायची वेळ आधीच आलेली, त्यात हे.

सर्व्हिस मॅन्युअल बघा, माझा सगळा भरवसा त्याच्यावरच आहे. निडल बोटांनी हलकेच टेकवायची, आवळायची नाही. मग आपल्या मोडेलला दिलेले फेरे सोडायचे. स्लोच्या निडलला जुन्या जॉन्सनमध्ये बहुधा दीडच्या आसपास असतात. मोटर पाण्यात, गरम झालेली, गिअरमध्ये. स्लोवर अष्टमांश फेरा आत, दहा-पंधरा सेकंद थांबा, परत. कार्बोरेटर शिंकायला लागला की पातळ झालं. तिथून बाहेर, मोटर गुळगुळीत चालेपर्यंत, आणि वर किंचित जास्त. खालची निडल फुल रेसची, ती बोट पळवतानाच लावायची. काही मोटरींत स्लोचा स्क्रू पेट्रोलचा नसून हवेचा असतो, तिथे दिशा उलटी. हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

बाकीचं झटपट. ‘धूर येतो तर ऑइल निम्मं करा’: नाही. पेट्रोल-ऑइलचं प्रमाण २४:१ ची मोटर असेल तर लिटरला सुमारे ४२ मिली, ५०:१ ची असेल तर २० मिली, जे मॅन्युअलात असेल तेच. ‘काठावर पाण्याविना दोन मिनिटं चालवून बघा’: अजिबात नाही, पंपाचं रबरी पातं कोरडं घासून जळतं, आणि मग थंड करणारं पाणीच चढत नाही.

कनेक्टरची रिंग बदलली, तसा बल्ब आठ-दहा दाबांत कडक झाला. निडल अजून मिळालेली नाही, बोट काठावर उलटी पडून आहे. ज्यांनी मेसेज वाचून स्क्रू आवळला असेल त्यांनी निडल बाहेर काढून तिचं टोक बघितल्याशिवाय मोटर पाण्यात उतरवू नये.